जुन्या यंत्रांचं बिऱ्हाड

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहराच्या वस्तुसंग्रहालयांचं एक मोठं कोठार आहे. प्रदर्शनात ज्यांना जागा नाही अशा वस्तू तिथे रचून ठेवलेल्या असतात. २००८ च्या सुमाराला या कोठारातलं एक छायाचित्र संगणकांच्या इतिहासात रमलेल्या एका गृहस्थांच्या पाहण्यात आलं. त्यात इतर सामानाच्या गर्दीत एका यंत्राचं कंट्रोल पॅनेल दिसत होतं. ते त्यांनी चटकन ओळखलं, कारण शाळकरी वयात बर्मिंगहॅमच्याच एका संग्रहालयात हे यंत्र पाहून ते भारावून गेले होते.

ते यंत्र म्हणजे हारवेल डेकाट्रॉन. हारवेलच्या अणुऊर्जा संशोधन केंद्रात १९५१ साली तो चालू झाला. वजन अडीच टन. त्यात ८२८ डेकाट्रॉन नळ्या होत्या. डेकाट्रॉन म्हणजे बोटभर उंचीची काचेची नळी. तिच्या माथ्यावर नारिंगी प्रकाशाचा एक ठिपका दहा घरांतून फिरतो आणि ज्या घरात थांबतो तो आकडा. त्यामुळे या संगणकाची स्मृती नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. वेग मात्र फार कमी, एका गुणाकाराला काही सेकंद लागत. पण न थकता, न चुकता दिवसरात्र चालायचा. १९५७ मध्ये तो वुल्व्हरहॅम्प्टनच्या तंत्रमहाविद्यालयात गेला आणि विद्यार्थी त्यावर शिकले. १९७३ मध्ये बर्मिंगहॅमच्या विज्ञान संग्रहालयात गेला. १९९७ मध्ये ते संग्रहालयच बंद पडलं आणि यंत्र सुटं होऊन कोठारात जाऊन पडलं. छायाचित्रामुळे शोध लागल्यावर २००९ मध्ये ते ब्लेचली पार्क इथल्या नॅशनल म्युझियम ऑफ कंप्युटिंगमध्ये आलं. स्वयंसेवकांनी तीन वर्षं खपून ते दुरुस्त केलं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. मूळच्या रूपात चालणारा जगातला सगळ्यात जुना डिजिटल संगणक अशी त्याची आज ओळख आहे.

या गोष्टीत शोध लावणाऱ्याचं आणि दुरुस्त करणाऱ्यांचं कौतुक आहेच. पण मधली अकरा-बारा वर्षं हे यंत्र भंगारात गेलं नाही, ते कोठारात थोडी कोरडी जागा होती म्हणून. जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रत्येक मोठ्या संग्रहाच्या मुळाशी हाच प्रश्न असतो. नाणी, टपाल तिकिटं, चित्रं यांचा मोठा संग्रहही दोन कपाटांत मावतो. व्हॉल्व्हचे रेडिओ, स्पूलचे टेपरेकॉर्डर, पिक्चर ट्यूबचे टीव्ही, टेलिफोन एक्स्चेंजचे सांगाडे आणि खोलीभर पसरणारे संगणक जमवणाऱ्याला आधी जमीन लागते, मग छप्पर, मग वीज, आणि त्याच्या पश्चात हे सगळं सांभाळणारं कुणीतरी. एखादी वस्तू किती दुर्मीळ आहे यावर तिचं भवितव्य जितकं ठरत नाही तितकं ती कुठे ठेवली आहे यावर ठरतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतलं आहे. आज कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे जे कंप्युटर हिस्टरी म्युझियम दिमाखात उभं आहे, त्याच्या संग्रहानं या जागेपर्यंत पोहोचायला कितीतरी बिऱ्हाडं बदलली.

सुरुवात झाली ती व्हर्लविंड नावाच्या संगणकापासून. एमआयटीमध्ये १९४०-५० च्या दशकांत बांधलेलं हे अवाढव्य यंत्र १९७० च्या दशकाच्या आरंभी मोडीत निघण्याच्या बेतात होतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डीईसी कंपनीचे संस्थापक केन ओल्सेन आणि व्हर्लविंडच्या मूळ रचनाकारांपैकी बॉब एव्हरेट यांनी धावाधाव करून त्याचे भाग वाचवले. वाचवलेलं ठेवायचं तर घर हवं. ते कंपनीनंच दिलं. गॉर्डन बेल आणि ग्वेन बेल या दांपत्याच्या पुढाकारानं १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मार्लबरो गावी डीईसीच्या एका इमारतीच्या दर्शनी दालनात डिजिटल कंप्युटर म्युझियम मांडलं गेलं. कंपनीच्या लॉबीत कितीशी जागा असणार? तरी कामाला येणाऱ्या माणसांच्या नजरेसमोर आपल्याच व्यवसायाचा इतिहास आला, आणि इतर कंपन्या, विद्यापीठं आपली जुनी यंत्रं पाठवू लागली.

१९८४ मध्ये हे संग्रहालय स्वतंत्र होऊन बॉस्टनच्या धक्क्यावर गेलं. एकेकाळी लोकरीचं गोदाम असलेली ती सहा मजली इमारत. शेजारी मुलांचं संग्रहालय, त्यामुळे शनिवार-रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं येत. या प्रेक्षकांना कड्या-कुलपातल्या जुन्या यंत्रांपेक्षा हात लावून पाहण्यासारखं काही हवं होतं. १९९० मध्ये इथे दोन मजली उंचीचा, आत शिरून फिरता येणारा प्रचंड संगणक उभारला. तो तुफान लोकप्रिय झाला. पण असं प्रत्येक आकर्षण उभं राहताना जागा खातं, आणि ती जागा खऱ्या जुन्या यंत्रांच्या वाट्यातून कापली जाते. दाखवणं आणि सांभाळणं ही दोन्ही संग्रहालयाचीच कामं, तरी एकाच छपराखाली दोघांची ओढाताण होते. अखेर १९९६ मध्ये ऐतिहासिक संग्रहाचा मोठा भाग ट्रक भरभरून देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातल्या मॉफेट फील्ड या जुन्या नौदल विमानतळावर नेण्यात आला. तिथे एका साध्यासुध्या जुन्या इमारतीत सगळं ठेवलं. १९९९ मध्ये बॉस्टनचं संग्रहालय बंद झालं.

मॉफेट फील्डवर नवी इमारत बांधायचा बेत आखला गेला होता. तेवढ्यात डॉट कॉमचा फुगा फुटला. सिलिकॉन व्हॅलीत एकामागून एक कार्यालयं ओस पडली. सिलिकॉन ग्राफिक्स या एकेकाळच्या बलाढ्य कंपनीची रस्त्यालगतची एक देखणी इमारत विक्रीला आली आणि २००२ मध्ये संग्रहालयानं ती विकत घेतली. २००३ पासून लोक आत येऊ लागले. इतिहास सांगणारं भव्य कायमस्वरूपी प्रदर्शन उभं राहायला मात्र २०११ उजाडलं. मधल्या काळात संग्रहालयानं काय दाखवलं? आपलं कोठारच. एका मोठ्या दालनात यंत्रं रांगेत मांडली, प्रत्येकासमोर छोटी पाटी ठेवली आणि लोकांना रांगांमधून फिरू दिलं. सजावट नाही, कथानक नाही. तरी जाणकार तासन्‌तास रमत. ज्या यंत्रावर उमेदीची वर्षं काढली ते समोर दिसल्यावर माणसाला दुसरं काही लागत नाही.

रिकाम्या झालेल्या व्यवसायाच्या वास्तूत जुन्या यंत्रांनी संसार थाटावा, हे एकट्या कॅलिफोर्नियात घडलेलं नाही. जर्मनीत पाडरबॉर्न इथे निक्सडॉर्फ या संगणक कंपनीचं मुख्यालय होतं. कंपनी दुसऱ्या हाती गेली आणि १९९६ मध्ये त्याच इमारतीत हाइन्झ निक्सडॉर्फ म्युझियम्सफोरम सुरू झालं. त्याच्या प्रदर्शनाचं क्षेत्रफळ सहा हजार चौरस मीटर आहे. न्यू जर्सीमध्ये हौशी संगणकप्रेमींच्या संघटनेचं संग्रहालय लष्कराच्या एका जुन्या संशोधन तळावर आहे. १९४६ मध्ये याच तळावरून रडारच्या लहरी चंद्रावर आपटवून परत पकडल्या गेल्या होत्या. पेनसिल्व्हेनियात न्यू केन्सिंग्टन हे एकेकाळी अॅल्युमिनियमच्या उद्योगावर भरभराटीला आलेलं गाव. उद्योग गेला, बाजारपेठ ओस पडली, आणि तिथल्या रिकाम्या गाळ्यांत लार्ज स्केल सिस्टिम्स म्युझियम हा मोठ्या संगणकांचा संग्रह उभा राहिला.

ब्लेचली पार्कचा एच ब्लॉक तर याहून वेगळा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश फोडण्यासाठी टॉमी फ्लॉवर्स यांनी कोलोसस हे यंत्र बनवलं. अशी अनेक यंत्रं ठेवण्यासाठी १९४४ मध्ये हा ब्लॉक मुद्दाम बांधण्यात आला. युद्धानंतर बहुतेक यंत्रं मोडून टाकली. १९९० च्या दशकात टोनी सेल यांनी हाती लागलेल्या तुटपुंज्या आराखड्यांवरून आणि जुन्या अभियंत्यांच्या आठवणींवरून कोलोसस नव्यानं उभा केला. तो आज त्याच ब्लॉकमध्ये, मूळच्या नवव्या कोलोससच्या जागी उभा आहे. जिथे काम झालं तिथेच यंत्र पाहायला मिळालं की पाहणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

या सगळ्या जागांमध्ये काही गोष्टी सारख्या आहेत. दणकट जमीन, रुंद दारं, मोठ्या क्षमतेची वीजजोडणी आणि शहराच्या मध्यवस्तीपेक्षा कमी भाव. अडीच टनांचं यंत्र एखाद्या सुबक बंगल्याच्या जिन्यावरून वर नेता येत नाही.

जागा मिळाली तरी सगळं मांडता येतं असं नाही. हे मराठी वाचकाला पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयावरून सहज समजेल. संस्थापक दिनकर ऊर्फ काका केळकरांनी आयुष्यभर फिरून जमवलेल्या अडकित्त्यांपासून दरवाजांपर्यंतच्या वस्तूंची संख्या वीस हजारांवर आहे, आणि त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच एका वेळी पाहायला मिळतात. जगभरच्या संग्रहालयांत थोड्याफार फरकानं हीच स्थिती आहे. म्हणून कोठार म्हणजे अडगळ ही समजूत आता मोडीत निघाली आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमचा प्रचंड साठा पूर्वी पोस्टाच्या बचत बँकेची कचेरी असलेल्या ब्लाइद हाऊस या इमारतीत होता. ती इमारत विकायचा सरकारचा निर्णय झाल्यावर तीन लाखांहून अधिक वस्तू विल्टशरमधल्या राउटन इथल्या जुन्या लष्करी विमानतळावर, खास बांधलेल्या कोठारात हलवण्यात आल्या. प्रत्येक वस्तू उचलण्याआधी तिची तपासणी, छायाचित्र आणि नोंद झाली. हलवाहलवीच्या निमित्तानं संग्रहाची झाडाझडती झाली. आता हे कोठार लोकांनाही पाहता येतं. त्याच ब्लाइद हाऊसमधून बाहेर पडलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं २०२५ मध्ये पूर्व लंडनमध्ये कोठार हेच संग्रहालय म्हणून खुलं केलं. तिथे आपल्याला हवी ती वस्तू आधी सांगून जवळून पाहता येते.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. पुतळा नुसता पाहता येतो. रेडिओ पाहायचा असतो तसा ऐकायचाही असतो. बंद संगणक म्हणजे पत्र्याचं कपाट. पण यंत्र चालू ठेवायचं तर जागा दुप्पट, तिप्पट लागते. सुट्या भागांसाठी तसंच दुसरं यंत्र ठेवावं लागतं. दुरुस्तीचं टेबल, मोजणीची उपकरणं, नकाशे, माहितीपुस्तिका, टेपा आणि पंच कार्डांचे गठ्ठे यांना वेगळी खोली लागते.

कंप्युटर हिस्टरी म्युझियममधला आयबीएम १४०१ याचा दाखला देतो. १९५९ मध्ये बाजारात आलेला हा संगणक जगभरात हजारोंच्या संख्येनं खपला. भारतातल्या मोठ्या कचेऱ्यांमध्येही तो होता. पंच कार्डांवर काम केलेल्या, आता सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या मंडळींना त्याच्या छपाईयंत्राचा धडधडाट अजून आठवत असेल. संग्रहालयाकडे चालू स्थितीतले असे दोन संगणक आहेत. एक जर्मनीतून आला. दुसरा कनेक्टिकटमधल्या एका घराच्या तळघरातून. तिथे एक कुटुंब १९९५ पर्यंत त्याच्यावर लोकांची बिलं करून देण्याचा व्यवसाय करत होतं! जर्मन यंत्राला ५० हर्ट्‌झची वीज लागते, अमेरिकेत मिळते ६० हर्ट्‌झची. म्हणून त्याच्यासाठी वेगळा कन्व्हर्टर बसवावा लागला. आयबीएममधून निवृत्त झालेले अभियंते वर्षानुवर्षं येऊन यंत्रं दुरुस्त करत राहिले. आज तिथे येणाऱ्या पाहुण्याच्या हातात त्याच्या नावाचं भोक पाडलेलं कार्ड पडतं आणि छपाईयंत्र कागदावर ते नाव उमटवतं. हे चाललं पाहिजे म्हणून मागच्या खोलीत जे सामान रचलेलं असतं ते पाहुण्याला दिसत नाही.

हे झालं संस्थांचं. बहुतेक संग्रह मात्र घरातच सुरू होतात. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेला एखादा मर्फी किंवा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ दिवाणखान्यात येतो. त्याच्या मागून दुसरा, दहावा, पन्नासावा. आधी शोकेस भरतं, मग माळा, मग पलंगाखालची जागा. मग नातेवाइकांच्या गावच्या घराचा एक कोपरा मागावा लागतो. इथे काही साधी गणितं आधीच मांडलेली बरी.

पहिलं गणित वजनाचं. इमारतींच्या भारासंबंधीच्या भारतीय मानकात राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं २०० किलो, इतका भार गृहीत धरलेला आहे. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या दालनासाठी हाच आकडा ६ किलोन्यूटनपासून सुरू होतो. आता स्लॉटेड अँगलचा एक रॅक घ्या, ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद. पाच फळ्या, प्रत्येकीवर तीन रेडिओ, प्रत्येक रेडिओ ९ किलोचा. रेडिओंचेच १३५ किलो झाले, रॅकचे २५-३० धरा. एवढा भार जेमतेम ०.४ चौरस मीटरवर येतो, म्हणजे चौरस मीटरला ४०० किलोच्या घरात. शेजारी मोकळी जमीन असेल तर भार वाटला जातो आणि एका रॅकनं काही बिघडत नाही. पण सबंध खोली अशा रॅकनी भरली, त्यात पिक्चर ट्यूबचे मोठे टीव्ही आले, तर ती खोली ग्रंथालयाच्या हिशेबात जाते. म्हणून जड सामान भिंतीलगत, तुळईजवळ आणि शक्यतो तळमजल्यावर ठेवावं. बाल्कनी आणि माळा यांवर भिस्त ठेवू नये. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलेलं स्वस्त पडतं.

दुसरं गणित पाण्याचं, आणि ते पहिल्याच्या नेमकं विरुद्ध जातं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरचं सगळं पाण्यात गेलं. कोल्हापूर-सांगलीनं २०१९ आणि २०२१ मध्ये तेच भोगलं. त्यामुळे तळमजल्यावर गोदाम घेताना आधी भिंतींवरच्या पुराच्या खुणा पाहाव्यात, शेजाऱ्यांना विचारावं. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून निदान दीड फूट वर असावी. पुराचा इतिहास असलेल्या भागात तळमजला नकोच.

पूर आला नाही तरी पावसाळा येतोच. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांवर असते. अशा हवेत लाकडी कॅबिनेटचं व्हिनिअर सुटतं, स्पीकरच्या कागदाला बुरशी धरते, पत्र्याच्या चासीवर गंज चढतो, टेपांवर पांढरी पूड दिसू लागते. वाळवीचं भय वेगळंच. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. त्यानं आतली ओल आतच अडकते. सुती कापडाचं आच्छादन धूळ अडवतं आणि हवा खेळती ठेवतं. रॅक भिंतीला चिकटवू नये, मागे थोडी मोकळी जागा सोडावी. आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र आता सहज मिळतं. ते बसवून बंद खोलीत डीह्युमिडिफायर चालवला तर आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखता येते.

तिसरी गोष्ट वस्तूच्या पोटातल्या शत्रूची. ट्रान्झिस्टर माळ्यावर टाकताना सेल काढायचे राहून जातात. साध्या सेलचं जस्ताचं आवरण हाच त्याचा एक ध्रुव असतो. विजेसाठी तेच झिजत जातं, त्याला भोक पडतं आणि आतली खारट, दाहक लगदी बाहेर येऊन स्प्रिंग खाऊन टाकते. १९८०-९० च्या दशकांतल्या संगणकांच्या बोर्डवर घड्याळ चालवणारी छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती फुटली की तिच्यातला अल्कधर्मी द्रव तांब्याच्या बारीक वाटांवर पसरतो. बोर्ड वर धरून पाहिलं तर बॅटरीभोवती निळसर-हिरवी बुरशीसारखी साय दिसते, तिच्याखाली हिरवं लाखेचं आवरण फुगलेलं असतं आणि नखानं टोकरलं तर वाट तुकड्यानं निघून येते. असा बोर्ड वाचवण्यासाठी करायचं काम पाच मिनिटांचं असतं. वस्तू घरी आल्या दिवशीच बॅटरी काढून टाकायची.

वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ थेट प्लगला लावण्याचा मोहही टाळायला हवा. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर वापराअभावी विरळ झालेला असतो. एकदम पूर्ण दाब दिला तर जादा प्रवाह जाऊन कंडेन्सर फुटतो आणि जाताना पॉवर ट्रान्सफॉर्मर घेऊन जातो. जुने कारागीर आधी कंडेन्सर तपासून बदलतात, मग सिरीज बोर्डवर बल्ब लावून किंवा डिमरस्टॅटनं दाब हळूहळू वाढवत यंत्र जागं करतात. बल्ब भगभगीत पेटला की आत कुठेतरी शॉर्ट आहे हे कळतं. मांडणीच्या खोलीत असा एक बोर्ड आणि स्वतंत्र एमसीबी हवाच.

मांडताना उन्हाकडेही लक्ष हवं. जुन्या संगणकांच्या फिक्या करड्या प्लॅस्टिकमध्ये आग लागू नये म्हणून ब्रोमिनची संयुगं घातलेली असत. अतिनील किरणांनी ती बिघडतात आणि प्लॅस्टिक पिवळं पडतं. खिडकीसमोरचं शोकेस दिसायला सुरेख असलं तरी वस्तूसाठी वाईट. घरच्या संग्रहाला सगळ्यात मानवणारी पद्धत मोठ्या संग्रहालयांचीच आहे. थोडं मांडायचं, बाकीचं नीट ठेवायचं आणि काही महिन्यांनी पाळी बदलायची. एका भिंतीवर फक्त महाराष्ट्रात विकले गेलेले रेडिओ, पुढच्या खेपेला टेपरेकॉर्डर, त्याच्या पुढे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं त्या सुमाराचे टीव्ही. अशा मांडणीत पाहणाऱ्याला गोष्ट मिळते आणि संग्राहकाला प्रत्येक वस्तू वर्षातून एकदा तरी हातात घेऊन पुसावी, तपासावी लागते.

यासाठी यादी लागते. वस्तूचं नाव, कंपनी, मॉडेल, कुठून मिळाली, चालते की नाही, आणि ती कोणत्या रॅकच्या कितव्या फळीवर आहे. क्रमांकाची चिठ्ठी चिकटवण्यापेक्षा सुती दोऱ्यानं बांधावी, कारण चिकटपट्टीचा गोंद पॉलिश खराब करतो. शेकडो वस्तूंच्या ढिगात जागेची नोंद नसलेली वस्तू हरवल्यातच जमा असते. यादी झाली की आणखी एक नको असलेलं सत्य समोर येतं. एकाच मॉडेलचे सहा रेडिओ असतात, त्यातले चार मोडके. एक मांडायला, एक सुट्या भागांसाठी ठेवून उरलेले दुसऱ्या संग्राहकाला देणं जिवावर येतं. पण त्यानं मोकळी झालेली जागा बाकीच्या वस्तूंना वाचवते.

सगळ्यात बिकट प्रश्न मालकाच्या पश्चात काय, हा. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी सिएटलमध्ये लिव्हिंग कंप्युटर्स म्युझियम उभारलं. २०१२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. तिथे जुने महाकाय संगणक नुसते मांडलेले नव्हते, चालू होते, आणि पाहुण्यांना त्यांच्यासमोर बसून काम करता येत होतं. पैशांची, जागेची, तंत्रज्ञांची वाण नव्हती. २०१८ मध्ये अॅलन गेले. २०२० मध्ये करोनाच्या साथीत संग्रहालय बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही. २०२४ मध्ये ते कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं आणि संग्रहातल्या कितीतरी वस्तू क्रिस्टीजच्या लिलावात विकल्या गेल्या. अब्जाधीशाच्या संग्रहाचं असं होतं, तर दोन खोल्यांत तीनशे रेडिओ जमवणाऱ्यानं आपल्या हयातीत कागदोपत्री व्यवस्था केलीच पाहिजे. याउलट युक्रेनमधल्या मारिउपोलचं क्लब ८-बिट हे खासगी संग्रहालय. पाचशेहून अधिक जुने संगणक आणि उपकरणं तिथे होती. मार्च २०२२ मध्ये युद्धात ते उद्ध्वस्त झालं. मालक वाचला, संग्रह गेला. सगळं एकाच छपराखाली ठेवण्याचा धोका यातून दिसतो. निदान यादी, छायाचित्रं आणि कागदपत्रांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी असाव्यात.

केळकरांनी हयातीतच आपला संग्रह राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या हाती सोपवला. इमारत, कर्मचारी आणि नाव यांची घडी त्यांच्या डोळ्यांदेखत बसली. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या संग्राहकांना महाराष्ट्रात आज अशी दारं फारशी नाहीत, पण शोधली तर काही उघडू शकतात. सिएटलमध्येच कनेक्शन्स म्युझियम नावाचं टेलिफोनचं संग्रहालय आहे. ते एका चालू टेलिफोन एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यांवर आहे. विजेवर खटखट करत चालणारी जुनी स्विचिंग यंत्रं गेली, त्यांच्या जागी छोटे डिजिटल संच आले आणि मजले रिकामे झाले. त्या मजल्यांवर निवृत्त तंत्रज्ञांनी जुनी यंत्रं पुन्हा चालू केली आहेत. आपल्याकडेही गावोगावच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारती अशाच जड यंत्रांसाठी बांधलेल्या आहेत, त्यांतले मजले रिकामे आहेत आणि बीएसएनएल त्यातली जादा जागा भाड्यानं देतं. बंद पडलेली एकपडदा चित्रपटगृहं आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि आयटीआयमध्ये कार्यशाळा आहेत, जिथे व्हॉल्व्हच्या रेडिओवर विद्यार्थ्यांना विजेचा मार्ग बोटानं दाखवता येईल. एखाद्या शहरातल्या पाच-सहा संग्राहकांनी एकत्र येऊन विश्वस्त संस्था नोंदवली, एकत्रित यादी केली आणि ती घेऊन अशा एखाद्या संस्थेच्या दारी गेले, तर बोलणी वस्तूंच्या मोहावरून जागा, भाडं, वीज आणि जबाबदारी यांवर येतात. हे करण्याचा काळ आताचा आहे, कारण ही यंत्रं उघडून दुरुस्त केलेले रेडिओ मेकॅनिक, टेलिफोनचे लाइनमन आणि संगणक खात्यातले ऑपरेटर अजून आपल्यात आहेत आणि कोणती तार कुठे जाते ते सांगू शकतात.